अर्धा डबा आणि साडेनऊचा फोन

नवी पेठेतल्या एका घरगुती मेसचा डबा मी 28 एप्रिल 2021 पासून घेते. चार वर्षं होऊन गेली. मधले थोडे दिवस सोडले तर रोज दुपारी एकच्या सुमाराला माझ्या दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवलेली असते. इतके दिवस एका हातचं खाल्ल्यावर त्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही. मेसला पाटी नाही. मेस चालवणाऱ्या ताईंनी नाव आणि नंबर देऊ नका म्हणून बजावलंय, कारण पस्तीस-चाळीस डब्यांच्या वर त्यांना झेपत नाही. तरीही लिहिते, कारण आपल्या आईसाठी, वडिलांसाठी किंवा स्वतःसाठी डबा लावणाऱ्या माणसानं काय विचारून घ्यावं हे मला या डब्यामुळे कळलं.

मी लोकमान्यनगरात राहते. जुनी तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. 1973 साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजला, म्हणजे परगावचे फोन जोडून देतात तिथे, कानाला हेडसेट लावून कित्येक वर्षं बसले. 2012 ला निवृत्त झाले. आमचे हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. लेक टोरांटोला. घरात आम्ही दोघं.

2021 चा गुढीपाडवा 13 एप्रिलला होता. श्रीखंड मी घरीच केलं होतं, चक्का बांधून, वेलची-जायफळ घालून. यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "साखर घालायला विसरलीस का?" मी चाखून बघितलं, गोड व्यवस्थित होतं. त्यांनी पुन्हा घेतलं, जायफळाची डबी नाकाशी धरली, आणि गप्प बसले. कोविडच्या बातम्या आम्ही वर्षभर ऐकत होतो, तेव्हा दोघांनाही काय ते समजलं. तीन दिवसांनी दोघांचेही रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. मला नुसता ताप आणि अंगदुखी. त्यांचा ऑक्सिजन उतरायला लागला. पुतण्यानं दोन दिवस फोन करकरून एक खाट मिळवली. रुग्णवाहिका आली तेव्हा मी त्यांच्या हातात चष्म्याचं घर, मोबाइलचा चार्जर आणि मऊ भाताचा स्टीलचा डबा दिला. डब्याच्या झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं होतं, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. आठ दिवसांनी, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी पहाटे, ते गेले. चष्मा आणि मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत परत आला. डबा आला नाही. मी तो मागितलाही नाही. त्या दिवसांत डब्यासाठी कोणाला विचारणार?

वैकुंठ स्मशानभूमी आमच्या घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. त्या एप्रिलमध्ये तिथलं काम रात्रंदिवस चालू होतं, आम्ही खिडक्या लावून घेत होतो. मी विलगीकरणात, दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. पुतण्या अंगभर किट घालून लांब उभा राहिला आणि त्यानं मोबाइलवर मला दाखवलं. ते चित्र मधेच अडकायचं. दहा मिनिटांच्या अंतरावर माझा माणूस आणि मी अडकलेल्या चित्राकडे बघत बसलेली.

आता डब्याकडे येते. पण त्याआधी आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर या डब्याचं मला एवढं का वाटतं ते कळणार नाही. ज्या घरात माणूस जातं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचं किंवा भावकीतलं कोणीतरी पिठलं-भात घेऊन येतं. आम्ही त्याला कडू घास म्हणतो. खायची इच्छा नसते, तरी पाठीवर हात ठेवून कोणीतरी दोन घास भरवतं. मग दहा-बारा दिवस माणसं भेटायला येतात. प्रत्येक नव्या माणसापाशी घरातली बाई पुन्हा पहिल्यापासून सांगते, कसं झालं, शेवटी काय बोलले, आणि पुन्हा रडते. लहानपणी मला वाटायचं, हे लोक तिला उगीच का रडवतात? तेराव्या-चौदाव्या दिवशी गोड करतात. नातेवाईक आपल्या हातानं गोड घास देतात आणि मग घरातलं रोजचं स्वयंपाकपाणी सुरू होतं.

माझ्याकडे यातलं काही झालं नाही. कडू घास द्यायला कोणी आलं नाही, कारण शेजारच्या घरातही तिघं आजारी होते. आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी तीन घरांच्या दाराशी कोविडच्या औषधांची पाकिटं ठेवलेली असायची. नणंद साताऱ्याला, तिला येता येईना. राज्यात 14 एप्रिलपासून कडक निर्बंध होते. लेकीला यायचं होतं, पण 22 एप्रिलला कॅनडानं भारतातून जाणारी थेट विमानं बंद केली. आली असती तर परत जाणं अवघड, आणि तिची पोरं लहान. मीच तिला येऊ नकोस म्हटलं. ट्रंक कॉलच्या जमान्यात मी हजारो घरांत अशा बातम्या जोडून दिल्या होत्या. लाइटनिंग कॉल, म्हणजे सगळ्यांत तातडीचा, आला की आम्हा मुलींना कळायचंच, एवढे जास्तीचे पैसे माणूस उगीच खर्च करत नाही. पलीकडून रडणं सुरू झालं की आम्ही ऐकायची कळ बंद करून बाजूला व्हायचो. आता तो कॉल माझाच होता.

दोन दिवस मी चहा आणि बिस्किटांवर काढले. लेकीनं पुण्याच्या कुठल्याशा गटात चौकशी करून या मेसचा नंबर मिळवला आणि पहिल्या महिन्याचे पैसे तिनंच भरले. 28 तारखेला सकाळी साडेनऊला लँडलाइन वाजली. "काकू, मी मेसमधून बोलतेय. तुमच्या मुलीचा फोन आला होता. अर्धा डबा सांगितलाय. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. चालेल?" मी हो म्हटलं. मग थोडं थांबून त्या म्हणाल्या, "काकू, सुतक आहे ना? मग दहा दिवस मी तुमचं फोडणीशिवाय वेगळं काढते. तुमच्याकडे अजून काय पाळतात ते सांगा."

मी काहीच बोलू शकले नाही. लेकीनं हे सांगितलेलं नव्हतं, तिला या गोष्टी ठाऊकही नाहीत. आमच्या घरी सुतकात फोडणी देत नाहीत. हे मी माझ्या सासूबाईंच्या वेळी केलेलं. पस्तीस डबे भरणारी अनोळखी बाई माझ्या एकटीसाठी पातेल्यातलं वरण फोडणीआधी बाजूला काढून ठेवणार होती. मी रिसीव्हर हातात धरून उभी होते आणि त्याही पलीकडे थांबून होत्या. ठेवा आता, असं त्यांनी म्हटलं नाही. 26 तारखेनंतर मी पहिल्यांदा तेव्हा रडले.

दहा दिवस तसंच आलं. गोळा वरण, मऊ भात, उकडून मीठ लावलेली दुधी नाहीतर पडवळ, पोळ्या. चव लागायचा प्रश्न नव्हता, मलाही वास येत नव्हता तेव्हा. चौदाव्या दिवशी, 9 मेला, डब्याच्या वरच्या पुडात शिरा होता. केळं घातलेला, तुपाचा. फोनवर म्हणाल्या, "काकू, आज गोड पाठवलंय. एक घास तरी खा." त्या शिऱ्याचे पैसे त्यांनी महिन्याच्या हिशेबात धरलेच नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याचे नसतात घ्यायचे."

म्हणून हा डबा. आता नीट परीक्षण.

मेस मुळात स्पर्धा परीक्षांच्या मुलांची. नवी पेठ, सदाशिव पेठेत अभ्यासिकांमध्ये बसणारी गावोगावची मुलं दोन वेळा इथे जेवायची, तेव्हा साठ-सत्तर पानं उठत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, मुलं आपापल्या गावी गेली आणि ताईंची मोठी पातेली माळ्यावर गेली. मग त्यांनी विलगीकरणातल्या घरांना डबे द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू आमच्यासारखी म्हातारी माणसं जोडली गेली. मुलं परत आली आहेत, तरी म्हाताऱ्यांचे डबे त्यांनी सोडलेले नाहीत. डब्यातलं अन्न अजूनही थोडं पोरांच्या भुकेच्या अंदाजाचं असतं, हे मी त्यांना सांगितलेलं आहे. भात जास्त येतो.

चव देशावरची आणि घरगुती. गोडा मसाला ताई स्वतः करतात आणि तो हात राखून घालतात. आमटीत आमसूल, गूळ बेताचा. ताकातला चाकवत उत्तम, मी आजवर खाल्लेल्या पहिल्या तीनांत धरीन. कोबीची पिवळी भाजी हरभऱ्याची डाळ भिजवून घालतात, ती मऊ शिजलेली असते, दात नसलेल्यालाही चालेल. मटकीची उसळ कधीकधी कचवट लागते. गुरुवारी साबुदाण्याची खिचडी मागितली तर मिळते, पण डब्यात येईपर्यंत तिचा गोळा होतो, त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी घ्या. पोळ्या गरम असतात तेव्हा चांगल्या. दीडनंतर त्या वातड होतात. यावर उपाय म्हणून त्यांनी पोळ्या पातळ कापडात गुंडाळून द्यायला सुरुवात केली आणि आता बऱ्याच बऱ्या राहतात. तेल कमी हवं असेल तर सांगावं लागतं, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा सांगावं लागतं. रविवारी रात्री डबा नसतो. दिवाळीचे चार दिवसही नसतो, आणि नेमकं तेव्हाच एकट्या माणसाचं अवघड होतं. ही माझी तक्रार मी दरवर्षी करते.

भांडी: सुरुवातीला सगळं कागदी आणि प्लास्टिकच्या डब्यांतून यायचं. मला त्यातून जेवताना कुणाच्या तरी लग्नातलं उरलेलं खातोय असं वाटायचं. मी स्टीलचा डबा मागितला. त्यांनी दोन ठेवले, एक माझ्याकडे, एक त्यांच्याकडे, रोज अदलाबदल. दोन्हीवर लाल ऑइलपेंटनं 27 लिहिलंय. रिकामा डबा मी सकाळी घासून कडीला लावते. ही साधी अदलाबदल फार महत्त्वाची आहे, ते कसं ते सांगते.

2021 च्या जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, एका सकाळी मी उठलेच नाही. आजारी नव्हते. उठून काय करायचं ते सुचत नव्हतं. यांच्या बाजूची उशी मी उचललेली नव्हती, तिच्याकडे तोंड करून पडून होते. मेसचा रोजचा साडेनऊचा फोन वाजला, मी घेतला नाही. एक वाजता डबा देणारा मुलगा आला. कडीला रिकामा डबा नव्हता. त्यानं बेल वाजवली, "आजी" म्हणून हाका मारल्या आणि गेला. मला सगळं ऐकू येत होतं. अर्ध्या तासानं पुन्हा बेल, आणि या वेळी मेसच्या ताई स्वतः. "काकू, मी आलेय. दार नाही उघडलंत तरी चालेल, फक्त आवाज द्या."

मी उठले. आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं तसंच ठेवलं. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, तोंडाला मास्क, साडीचा काठ भिजलेला. पन्नाशीच्या आतल्याच असतील. त्यांना मी तोवर कधी पाहिलेलं नव्हतं, आवाजावरून मी त्यांना उंच समजत होते. त्यांनी विचारपूस केली नाही. म्हणाल्या, "मीही जेवले नाहीये अजून. तुम्ही पाट घ्या, मी इथे बसते." त्यांनी आपला डबा उघडला. मी जाळीच्या आत खुर्ची ओढून माझा उघडला. त्या दिवशी गवारीची भाजी होती, दाण्याचा कूट घातलेली. आम्ही दोघी जेवलो. मधे जाळी. वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली उतरत होतं ते त्यांना ओलांडून गेलं. दोन महिन्यांत माझ्यासमोर बसून कोणी जेवलं नव्हतं. सत्तेचाळीस वर्षं संसार झाला, समोरचा माणूस कसा जेवतो, भातात आमटीसाठी आळं कसं करतो, हे बघत मी जेवत आले, आणि ते गेल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून जेवत होते. जेवता जेवता मी ताईंना सगळं सांगितलं. श्रीखंडापासून. शेवटी फोनवर ते काय बोलले तेही सांगितलं. त्या "हं" म्हणत ऐकत होत्या. माझ्याकडे भेटायला आलेलं पहिलं माणूस तेच.

माझी एक भाची मानसोपचाराची डॉक्टर आहे. तिनं पुढे कधीतरी मला समजावलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे 2022 पासून लागू झालं, लांबलेल्या शोकाला वेगळं नाव दिलंय. सहा महिन्यांच्या वर माणूस त्याच जागी अडकून राहिलं, रोजचं जगणं थांबलं, तर मदत घ्यावी. ती म्हणाली ते मला पटलं आणि मी तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे चार वेळा जाऊनही आले. ज्यांना लागेल त्यांनी जावं, त्यात काही कमीपणा नाही. पण मी तिला एवढं विचारलं की सहा महिने मोजायचे कुठून? माणूस गेलं त्या दिवसापासून, की तुम्हाला कोणाजवळ तरी ते सांगता आलं त्या दिवसापासून? महामारीत गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या माझ्यासारख्या बायकांचं सगळंच उशिरा सुरू झालं. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी नवऱ्याच्या अस्थी विसर्जनाला वर्षानं नेल्या, मुलगा आल्यावर. तोपर्यंत त्या अस्थी एका झाडाला बांधलेल्या होत्या.

आता फोनबद्दल, कारण परीक्षणातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रोज सकाळी साडेनऊला फोन येतो. "काकू, आज हवा ना?" एवढंच. कधी अर्धा मिनिट, कधी पाच. आमच्या खात्यात पी. पी. (पर्टिक्युलर पर्सन) कॉल म्हणून प्रकार होता. ज्या माणसाशी बोलायचंय त्याचं नाव सांगून तो लावायचा, आणि ते माणूस फोनवर आल्याशिवाय मिनिटं मोजायला सुरुवात होत नसे. साडेनऊचा फोन मला तसाच वाटतो. मी नुसता "हॅलो" म्हटलं की ताईंना कळतं रात्री मी झोपले की नाही. एकदा म्हणाल्या, "आवाज बसलाय, आज आल्याचा काढा पाठवते." लेक माझ्याशी रोज बोलते, संध्याकाळी साडेसातला, तिकडे तेव्हा सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ, वाजलेले असतात. तिच्याशी मी बरं आहे असंच बोलते. एवढ्या लांबच्या लेकीला दुसरं काय सांगणार? साडेनऊच्या फोनवर मला बरं असल्याचं सोंग करावं लागत नाही, कारण तिथे प्रश्न फक्त डब्याचा असतो.

2022 च्या उन्हाळ्यात हा फोन बंद झाला. ताईंच्या मुलानं सगळ्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप गट केला. रात्री भाजी कळवायची, हवा असेल त्यानं अंगठा पाठवायचा. त्यांच्या बाजूनं बघितलं तर बरोबरच होतं, सकाळच्या घाईत पस्तीस फोन करायचे म्हणजे तास-दीड तास जातो. मी दोन आठवडे अंगठे पाठवले. मग एका सकाळी मी स्वतः साडेनऊला मेसमध्ये फोन लावला आणि त्यांना सांगितलं की डबा तुमचा चांगला आहे, पण लेकीचा सोडला तर दिवसभरात मला हाक मारणारा तो एकच फोन असतो. तो बंद करू नका. मी ज्यादा पैसे देईन. ताई काही वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "काकू, मला वाटलं तुम्हालाच त्रास होत असेल रोजरोज." पुढच्या सोमवारपासून फोन पुन्हा सुरू झाला. एकटं राहणाऱ्या, सत्तरीच्या वरच्या अकरा जणांना त्या आता रोज फोन करतात, बाकीच्यांचे अंगठे. ज्यादा पैसे घेतले नाहीत. अकरांतले एक सदाशिव पेठेतले निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणे दररोज फोनवर एक श्लोक म्हणतात आणि मग डबा सांगतात. ताई तोपर्यंत कणीक मळत ऐकतात.

मोठ्या कंपन्यांच्या घरपोच जेवणाला मी नाव ठेवत नाही. वेळेवर येतं, हवं ते येतं. पण तिथे रोज वेगळा मुलगा येतो, आणि पिशवी दाराशी तशीच राहिली तर त्याला ते कळायचं कारण नाही. माझा 27 नंबरचा डबा कडीला नसला की कोणीतरी परत वळून बघतं. परगावच्या, परदेशातल्या मुलांना माझं हे सांगणं आहे. आई-वडिलांसाठी डबा ठरवताना भाज्यांची यादी नंतर विचारा. आधी विचारा, रोज फोन करता का? डबा घेतला गेला नाही तर काय करता? शेजारी कोणाकडे किल्ली आहे ते लिहून ठेवता का? माझ्या वेळी हे तिसरं कोणाला सुचलं नव्हतं. जूनच्या त्या दिवसानंतर ताईंनी माझी एक किल्ली तळमजल्यावरच्या कुटुंबाकडे ठेवायला लावली.

डब्याच्या जोडीला आणखी एक नंबर माझ्या फोनशेजारी लिहून ठेवलाय, 14567. ज्येष्ठ नागरिकांसाठी सरकारची मोफत मदतवाहिनी आहे ही, ऑक्टोबर 2021 पासून देशभर सुरू झाली, सकाळी आठ ते रात्री आठ. मी जुनी ऑपरेटर, नंबर चालतो का ते तपासल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून लावून बघितला. पेन्शनचं एक काम विचारलं. पलीकडच्या मुलीनं घाई न करता सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "आजी, घरी कोण कोण असतं?" चांगलं शिकवलंय तिला.

सरकारनं कोविडनं गेलेल्यांच्या वारसांना 50 हजार रुपये दिले. लेकीनं तिकडून माझा अर्ज भरला, पैसे खात्यात आले. मी पासबुकात नोंद करून आणली आणि त्यांना हात लावलेला नाही. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाते, तेव्हा ती नोंद दिसते. तिथला मुलगा माझा अंगठा यंत्रावर ठेवून घेतो आणि म्हणतो, "झालं आजी." ताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की तुमचा दाखला तर मी रोज साडेनऊला घेते.

एक गोष्ट या डब्यानं केली नाही ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. संध्याकाळ त्याच्या आवाक्यात येत नाही. दुपारचं जेवण होतं, भांडी घासून होतात, चार वाजतात, आणि मग यांची चहाची वेळ येते. दोन कप काढायची सवय जायला मला दीड वर्ष लागलं. रात्री मी दूध-पोळी खाते. उरलेला भात कधी दही घालून, कधी फोडणीचा. पहिल्या वर्षी तो फोडणीचा भातही करवत नव्हता, कारण तो त्यांचा आवडता आणि एकटीसाठी कढई चढवायची म्हणजे कुठे हात अडतो ते ज्याच्यावर आलंय त्यालाच कळेल. आता करते. गेल्या पाडव्याला चक्काही बांधला, पहिल्यांदाच. थोडं श्रीखंड 27 नंबरच्या रिकाम्या डब्यात घालून कडीला लावलं. दुपारी फोन आला, "काकू, जायफळ मस्त पडलंय."

दर सांगते. मी सुरू केला तेव्हा अर्धा डबा 60 रुपये होता, आता 90 आहे. पूर्ण डबा 130, त्यात चार पोळ्या, दोन भाज्या आणि कोशिंबीर. एकट्या म्हाताऱ्या माणसाला अर्धा पुरतो, त्यातलाही भात उरतो. वेळ पाळतात, पावसाळ्यात पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे. चवीला मी पाचपैकी चार देते, पोळ्यांना साडेतीन, स्वच्छतेला पाच, फोनला पाच. पैसे 1 तारखेला आगाऊ द्यायचे, सुट्टी हवी असेल तर आदल्या रात्री आठच्या आत कळवायची. या महिन्यात मी एकही सुट्टी घेतलेली नाही. उद्या गवार आहे.